वेदीवरचा वाटा



बळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी सुरी येते. मी मात्र आज एका पातेल्यापासून सुरुवात करणार आहे. हे पातेलं शिलोचं. यरुशलेमात मंदिर उभं राहण्याआधी इस्राएली लोकांचं एक मोठं देवस्थान शिलोला होतं. एलकाना नावाचा डोंगराळ मुलखातला एक गृहस्थ दरवर्षी दोन्ही बायका आणि मुलंबाळं घेऊन तिथं जायचा. जनावर अर्पण करायचं आणि घरच्या प्रत्येकाचा वाटा काढायचा, असा त्याचा नेम. पनिन्नेला आणि तिच्या मुलांना वाटे मिळत. हन्नाला मूल नव्हतं. सवत टोचून बोलायची आणि ती बिचारी न जेवता रडत बसायची. बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकाची सुरुवात ही अशी, जेवणाच्या पंगतीत होते.

त्याच देवस्थानात दुसरीकडे वेगळाच प्रकार चालू होता. मांस शिजत असताना पुजाऱ्याचा गडी हातात तीन दातांचा काटा घेऊन यायचा, पातेल्यात खुपसायचा आणि जे वर येईल ते पुजाऱ्याचं म्हणून घेऊन जायचा. इथवरही लोक सोसत होते. पण एली याजकाची दोन मुलं, हफनी आणि फिनहास, त्याच्याही पुढं गेली. त्यांना शिजलेलं नको, कच्चंच हवं, आणि तेही वेदीवर चरबी जाळण्याआधी. भक्त म्हणायचा, ‘अहो, आधी चरबी तर जळू द्या, मग हवं तेवढं न्या.’ गडी म्हणायचा, आत्ता दे, नाहीतर हिसकावून नेईन. ग्रंथकार हे फार मोठं पाप म्हणून नोंदवतो. जनावर मारलं यात त्याला काहीच खटकत नाही. देवाच्या आधी पुजारी जेवायला बसला, याचा त्याला संताप आहे.

या उपासनेची किल्ली मला इथं सापडते. प्रश्न मारण्याचा नव्हता, वाट्याचा होता.

हिब्रू भाषेत अर्पणाला ‘कोर्बान’ म्हणतात. या शब्दाचं मूळ ‘जवळ येणं’ या अर्थाच्या धातूत आहे. लेवीय नावाच्या पुस्तकाचे पहिले सात अध्याय या अर्पणांचे नियम सांगतात: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. वाचताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. जनावर कापण्याची क्रिया हा ग्रंथ एका शब्दात उरकतो. सुरी कशी, घाव कुठं, कुठला मंत्र, काही नाही. शिवाय घरचं अर्पण असेल तर कापतो तो बहुधा अर्पण आणणारा शेतकरीच. तो जनावराच्या डोक्यावर हात टेकवतो आणि आपल्या हातानं त्याला मारतो. याजकाचं काम त्यानंतर, रक्त भांड्यात धरल्यापासून सुरू होतं.

आणि मग जो बारकावा येतो, तो एखाद्या अनुभवी खाटकाला शोभावा असा. आतड्यांवरची चरबी, दोन्ही गुरदे आणि त्यांच्यावरची चरबी, काळजावरचा पडदा, मेंढरू असेल तर त्याची जाडजूड शेपटी पाठीच्या कण्याजवळून कापलेली. हा सगळा देवाचा वाटा, तो वेदीवर जाळायचा. शांत्यर्पणात ऊर आणि उजवी मांडी याजकाची. उरलेलं घरच्यांचं. होमार्पणात मात्र सगळं जनावर जळून जातं, याजकाला फक्त कातडं मिळतं.

उपकारस्तुतीसाठी केलेल्या अर्पणाचा नियम मला विशेष आवडतो. त्याचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवशीही चालतं, तिसऱ्या दिवशी उरलं ते जाळायचं. आता एक आख्खा बैल एका कुटुंबाला एका दिवसात संपेल का? म्हणजे शेजारीपाजारी, नातेवाईक, वाटेवरचा माणूस, सगळ्यांना बोलवावंच लागणार. जिथं मांस सणासुदीलाच ताटात यायचं, तिथं हा नियम कंजुषाला मोठीच अडचण करून ठेवतो.

रक्ताचं शास्त्र वेगळं. रक्तात प्राण आहे, म्हणून ते खायचं नाही. ते देवाचं, त्याला परत द्यायचं. पापार्पणाचं रक्त वेदीच्या शिंगांना, म्हणजे तिच्या चार कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना लावत. अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी इथं एक साधा प्रश्न विचारला: पाप माणसाचं, मग रक्त वेदीला का? त्यांचं उत्तर असं की माणसाच्या चुकांचा मळ देवाच्या घरावर साचतो आणि रक्तानं ते घर धुतलं जातं. सगळ्यांना हे मान्य नाही, पण त्यामुळं कितीतरी गोष्टी जागच्या जागी बसतात.

शिंगं असलेली अशी एक वेदी बैर-शेबा इथं सापडली, १९७३ साली, योहानान अहारोनी यांच्या उत्खननात. तीही वेदी म्हणून उभी नव्हती. तिचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले होते. कुणीतरी वेदी मोडून तिचे चिरे बांधकामाला वापरले होते. गंमत अशी की वेदीच्या दगडाला हत्यार लावू नये असं निर्गमाचं पुस्तक सांगतं, आणि हे चिरे मात्र चांगले घडवलेले आहेत. नियम लिहिणारे एकीकडे आणि गवंडी दुसरीकडे, हे काही आजचं नाही.

ही वेदी कुणी मोडली ते नक्की सांगता येत नाही, पण पुढं गावोगावच्या वेद्यांवर तशीच पाळी आली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस योशीया राजानं गावोगावची उच्चस्थानं, म्हणजे पूजेची ठिकाणं, पाडली. अर्पण यापुढं फक्त यरुशलेमात. अनुवाद नावाचं पुस्तक म्हणतं, मांस खायचं तर आपल्या गावी खा, रक्त तेवढं पाण्यासारखं जमिनीवर ओता. वेदी गेली आणि गावातलं मांस नुसतं मांस झालं. धर्मसुधारणेची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

सगळा भार मग एका मंदिरावर पडला. तिथं रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू, सोबत पीठ, तेल आणि द्राक्षारस. मिश्ना हा ग्रंथ या मंदिराच्या आठवणी सांगतो. वेदीवरची राख काढण्याचा मान मिळावा म्हणून याजक वेदीच्या चढणीवरून धावत वर जायचे. एकदा धक्काबुक्कीत एकाचा पाय मोडला, तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून कामं वाटायला लागले. वेदीशी ओतलेलं रक्त पन्हाळीतून किद्रोनच्या ओढ्याकडे वाहत जायचं आणि माळी लोक ते खतासाठी विकत घ्यायचे.

आमोस, यशया, मीखा हे संदेष्टे बळींच्या धुरावर पूर्वीच तुटून पडले होते. न्याय नाही, आणि बैल कसले कापता, असा त्यांचा सवाल. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ मैमोनिडीज तर म्हणाला की त्या काळच्या माणसाला बळीवाचून पूजा सुचतच नव्हती, म्हणून देवानं ती सवय चालवून घेतली. मला हे अर्धंच पटतं. लेवीयाचा लेखक नाइलाजानं लिहितोय असं त्याच्या ओळी वाचून कधीच वाटत नाही. तो मन लावून लिहितो. ज्याला मेंढरू परवडत नाही त्यानं दोन पारवे आणावेत, तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ आणावं, असं तो सांगतो. आपल्या मापानं ते दोन लिटरच्या आसपास भरतं. त्यावर तेल नको, ऊद नको. याजक त्यातलं मूठभर वेदीवर जाळतो, आणि तेवढ्यानं त्या माणसाच्या पापाची क्षमा होते. रक्ताचा थेंबही न सांडता!

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीतसाच्या सैन्यानं मंदिर जाळलं आणि यहुद्यांची वेदी थांबली. प्रार्थनेच्या वेळा मात्र अर्पणांच्याच वेळांवरून ठरल्या. शोमरोनी, म्हणजे समॅरिटन, लोकांनी मात्र आपली प्रथा सोडली नाही. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर ते आजही वल्हांडण सणाला कोकरं अर्पण करतात आणि रात्री ती भाजून खातात.

आपल्या कोकणात कधीकाळी येऊन राहिलेल्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ ठरलेल्या बेने इस्राएल यहुद्यांनीही एक ताट जपलं आहे. नवस फिटला, लग्न ठरलं, नव्या घरात पाऊल ठेवलं की ते एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची आणि भोवती फळं. लेवीयातलं अन्नार्पण ते हेच, असं त्यांच्यापैकी काहीजण सांगतात. आशीर्वाद म्हटले जातात, आणि मग घरी जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर त्याचा वाटा पडतो.