ओसरीचे छप्पर

वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. ज्या घरातील वृद्धांचा दिवस ओसरीवरच सरतो, तेथे छपराची निवड हा केवळ खर्चाचा प्रश्न उरत नाही. लोखंडी पत्रा हलका व स्वस्त. परंतु पातळ असल्याने तो चटकन तापतो आणि ती धग खाली बसणाऱ्यावर सोडतो. गवताचे छप्पर शीतल खरे. पण त्याला आगीचे भय आणि वारंवार शाकारणी. मंगळूरच्या कारखान्यात १८६५ सालापासून घडू लागलेली कौले मधला मार्ग दाखवितात. त्यांच्या सांध्यांतून कोंडलेली ऊन हवा निसटते. मात्र त्यांना भक्कम वासे लागतात. पत्राच परवडत असेल, तर त्यावर ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा आणि खाली वीतभर अंतर राखून बांबूचा तट्टा बांधावा. एवढ्यानेही वृद्धांची दुपार सुसह्य होते.