चित्र न काढणारा चित्रकथाकार



कॉमिक्स लिहितो असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, ‘चित्रं तर चित्रकार काढतो, मग तुम्ही काय करता? फुग्यांतले संवाद लिहिता?’ आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर समजा. माझं म्हणणं थोडक्यात असं : कॉमिक्सच्या लेखकाचं सगळ्यांत महत्त्वाचं लेखन छापलंच जात नाही. ते एकट्या चित्रकारासाठी असतं. या कामातली गंमत तिथूनच सुरू होते आणि दुखणीही तिथलीच.

उदाहरणच करून पाहू. कथेत एक वाक्य आहे : ‘मुलगा नोकरी सोडून कायमचा गावी परत आला आणि आईच्या ते लगेच लक्षात आलं.’ गद्यात काम संपलं. आता हेच पाच चौकटींत मांडायचंय. पहिली चौकट : दारात मुलगा चपला काढतोय, खांद्याला बॅग, शेजारी दोरीनं बांधलेली गादीची वळकटी. दुसरी : आईचा चेहरा, नजर वळकटीवर. तिसरी : मुलगा जेवायला बसलाय, आई वाढतेय. फुगा : ‘किती दिवस आहेस?’ चौथी : तो भाकरी मोडतोय, मान खाली. इथे फुगा नाही. पाचवी : आई पाठमोरी, चुलीपाशी. फुगा : ‘पाणी तापलंय. आधी आंघोळ करून घे.’

पाच चौकटींत छापली गेली दोन-तीन छोटी वाक्यं. पण चौथ्या चौकटीत मुलाच्या तोंडी ‘मी नोकरी सोडली’ असा फुगा घातला असता, तर गोष्ट तिथेच बसली असती. आणि वळकटी लिहायची राहिली असती, तर आईच्या गप्प राहण्याला अर्थच उरला नसता. वळकटी वाचकाला शब्दांत कुठेच भेटत नाही, पण ती लेखकानं लिहिलेली असते. घर कौलारू की पत्र्याचं, चूल की गॅस, आई नऊवारीत की पाचवारीत, हेही त्यालाच ठरवावं लागतं. कादंबरीकार ‘दरबार भरला’ एवढं लिहून पुढे जाऊ शकतो. आमचा चित्रकार विचारतो, ‘बसलेत कशावर?’ ऐतिहासिक विषय असेल, तर या एका प्रश्नापायी संग्रहालयं आणि ग्रंथालयं पालथी घालावी लागतात.

त्यात जागेचा हिशेब असतो. बत्तीस पानांचा अंक, पानावर साधारण सहा चौकटी. एवढ्यात अख्खं चरित्र बसवायचं. एका चौकटीत तीस-पस्तीस शब्दांच्या वर गेलात, की फुगा चित्राला गिळतो. अनुवादकाची अडचण तर याहून मोठी : फुगा दुसऱ्या भाषेच्या मापानं आखलेला, आणि मराठी त्यात कोंबायची. उजव्या पानाची शेवटची चौकट मोक्याची असते. तिथे प्रश्न ठेवायचा आणि उत्तर पान उलटल्यावर द्यायचं. उत्तर समोरच्याच पानावर आलं, तर वाचकाची नजर आधी तिकडे जाते आणि रहस्य फुकट जातं.

चित्रकाराला किती सांगायचं, याला नियम नाही. ॲलन मूर या इंग्लिश लेखकानं ‘वॉचमेन’ या कॉमिकच्या पहिल्या अंकासाठी टाइप केलेले १०१ कागद चित्रकार डेव्ह गिबन्सकडे पाठवले. अंकातली कथा भरत होती जेमतेम पंचवीस-सव्वीस पानं. उलट, काही लेखक प्रसंगाची रूपरेषा देतात, चित्रं तयार होऊन आली की मग संवाद भरतात. मला विचाराल, तर लेखकानं हेतू नेमका सांगावा आणि हात मोकळा सोडावा.

हे नातं उत्तम जमलं ते लेखक रने गोसिनी आणि चित्रकार आल्बेर उदेर्झो यांचं. १९५९ साली एका नव्या फ्रेंच साप्ताहिकासाठी त्यांना मालिका हवी होती. आधी ठरवलेली कोल्ह्याची गोष्ट दुसऱ्या कुणीतरी केलेली निघाली. मग दोघं फ्रान्सच्या इतिहासातला एकेक कालखंड तपासत बसले आणि गॉल लोकांपाशी थांबले. उदेर्झोंना नायक धिप्पाड हवा होता. गोसिनींना हवा होता बुटका आणि चलाख. लेखकाचं चाललं आणि ॲस्टेरिक्स जन्मला. पण चित्रकारानं आपला हट्ट सोडला नाही, त्यानं शेजारी एक अगडबंब मित्र उभा केला. तो ओबेलिक्स! मतभेद मिटवायच्या भानगडीत न पडता दोघांनी त्याची जोडगोळी केली. गोसिनींनी उमेदवारी चित्रकार म्हणूनच सुरू केली होती. आपला हात बेताचाच आहे हे ओळखून ते लेखनाकडे वळले. पण चित्रकार कशानं वैतागतो आणि कशानं खुलतो, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

आपल्याकडचं पाहा. १९८० साली मुंबईत अनंत पै यांनी ‘टिंकल’ हे मुलांचं नियतकालिक सुरू केलं. पुढे तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानं सुप्पांडी नावाच्या भोळ्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या. सुप्पांडीला ते विचित्र आकाराचं डोकं दिलं चित्रकार राम वाईरकर यांनी. ‘अमर चित्र कथे’तला ‘कृष्ण’ रेखाटणारा हात हाच. गोष्ट एकाची, चेहरा दुसऱ्याचा. पण आज सुप्पांडी म्हटलं, की दोन्ही एकदमच डोळ्यांपुढे येतात. मराठीत १९९१ पासून घराघरांत गेलेला ‘चिंटू’ही चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा, आणि त्यावर नावंही दोघांची असत.

नावाचा मुद्दा आलाच आहे, तर त्यावर थोडं थांबतो. चित्र दिसतं, लेखन दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या कामाचं श्रेय बुडवणं सोपं असतं. १९३९ साली आलेल्या बॅटमॅनची टोपी, झूल, करडा वेश आणि सुरुवातीच्या कथा यांत बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा होता. करार मात्र चित्रकार बॉब केनच्या नावे होता. फिंगर १९७४ मध्ये गेला. निर्माता म्हणून त्याचं नाव अधिकृतपणे केनच्या जोडीला लागायला २०१५ साल उजाडलं. गोसिनींनी लिहिलेल्या ‘लकी ल्यूक’ या चित्रकथामालिकेच्या सुरुवातीच्या पुस्तकांवरही त्यांचं नाव नव्हतं. १९५६ मध्ये चित्रकथाकारांच्या हक्कांसाठी त्यांनी सहकाऱ्यांना एकत्र आणायचा प्रयत्न केला. त्यात काम गेलं आणि उदेर्झोही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. तीन वर्षांनी ॲस्टेरिक्स आला.

आणि पोट? हार्वी पीकार हा अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सरकारी इस्पितळात फायली लावणारा कारकून. चित्रकला शून्य. काड्यांची माणसं काढून तो चौकटी आखायचा आणि चित्रकार मित्रांना द्यायचा. त्यांत रॉबर्ट क्रम्बसारखा मोठा माणूसही होता. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’मध्ये त्यानं आपलंच आयुष्य मांडलं : दुकानातली रांग, कचेरीतल्या कटकटी, एकटेपण. कॉमिक्सला नायकाच्या अंगावर झूल लागत नाही, हे त्यानं दाखवून दिलं. नाव झालं, तरी इस्पितळातली नोकरी त्यानं २००१ साली निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. यातला व्यवहार इथल्या तरुणांना वेगळा सांगायला नको.

तरीही या तरुणांना माझं सांगणं आहे, की चित्र येत नाही म्हणून अडून बसू नका. पीकारसारख्या काड्या काढा. लिहिलेल्या पानावरून फुगे झाकून पाहा. गोष्ट बऱ्यापैकी कळत असेल, तर पान जमलं. मग राहिलेल्या फुग्यांतले निम्मे शब्द खोडा.

आणि सभागृहात दिवाळी अंकांचे संपादक बसलेले दिसतात, म्हणून त्यांना एक विनंती. व्यंगचित्रांना तुम्ही मानाची जागा दिलीत. आता एकच आठ पानी चित्रकथा छापून पाहा. लेखक आणि चित्रकार दोघांची नावं अनुक्रमणिकेत द्या, आणि मानधनाची पाकिटंही दोन करा. मराठीत कॉमिक्स का होत नाहीत, यावर परिसंवाद घेण्यापेक्षा हे स्वस्तात पडेल.