ठाण्यास जाण्याची गोष्ट



मुंबईच्या आसपास ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांना ‘ठाण्यास पाठविणें’ या शब्दांचा आडवा अर्थ समजावून सांगावयास नको. ठाण्यास १९०१ सालापासून मनोरुग्णांचें मोठें रुग्णालय आहे. आणि वर्गांतील एखादें पोर जरा विचित्र वागलें कीं “ह्याला ठाण्याला पाठवा रे” असें म्हणून हंसण्याची चाल आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मीं स्वतः प्राथमिक शाळेंत ३६ वर्षें शिकविलें. त्या ३६ वर्षांत हें वाक्य माझ्याही तोंडून किती वेळां गेलें असेल, त्याची मोजदाद मीं ठेवलेली नाहीं. अशा मनुष्यावर वयाच्या ६४ व्या वर्षीं, मनाच्या उपचारासाठीं, दर आठवड्यास डोंबिवलीहून खरोखरच ठाण्यास जाण्याचा प्रसंग आला. ती हकीकत आज सांगावयाची आहे. मी डॉक्टर नव्हें. मॅट्रिक होऊन पुढें अध्यापनाची पदविका घेतली, एवढेंच माझें शिक्षण. तेव्हां मी जें बोलेन तें रोग्याच्या बाजूचें समजावें.

२०२२ च्या जून महिन्यांत निवृत्तिवेतनाच्या कांहीं कामासाठीं मी ठाण्यास निघालों होतों. गाडी धिमी होती. कोपर, दिवा, मुंब्रा हीं स्थानकें गेलीं आणि मुंब्रा व कळवा यांच्या दरम्यान ती थांबली. बाहेर पाऊस, आंत गर्दी. लोकलगाडी मध्येंच थांबणें यांत नवल तें काय! परंतु पांचसहा मिनिटें गेलीं आणि माझी छाती धडधडूं लागली. तळहातांस घाम फुटला, घसा कोरडा पडला, बोटांना मुंग्या आल्या, आणि आपण आतां या डब्यांतच मरणार अशी माझी खात्री झाली. ‘खात्री’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतों. नुसती शंका असती तर निभावलें असतें. ठाण्यास उतरतांच एक रुग्णालय गांठलें. तेथें हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलें. सारें यथास्थित! तेथील तरुण डॉक्टर हंसून म्हणाले, “काका, कांहीं झालेलें नाहीं. मनाचे खेळ आहेत.” हें ऐकून वास्तविक मला आनंद व्हावयास पाहिजे होता. मला अपमान वाटला.

पुढचे आठ महिने मीं कसे काढले तें आतां आठवलें म्हणजे माझें मलाच हंसूं येतें; त्या वेळीं येत नव्हतें. प्रथम गाडी सोडली. मग भाजीबाजार सोडला, कारण तेथेंही गर्दी. मग लग्नकार्यें सोडलीं. बाहेर पडलोंच तर खिशांत फोन, पिशवींत पाण्याची बाटली आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताचीं बोटें, नाडी मोजण्यासाठीं! रात्रीं झोंप येईना, म्हणून शेजारच्या एका गृहस्थांच्या झोंपेच्या गोळ्या मागून घेऊं लागलों. घरीं विचारलें तर ‘गुडघा दुखतो’ असें ठरलेलें उत्तर. समर्थांचे मनाचे श्लोक मला २०५ च्या २०५ पाठ आहेत. शाळेंत मुलांकडूनही मीं ते पाठ करून घेतले. ते म्हणत असतांनाही छाती धडधडतच होती. यांत श्लोकांचा दोष नाहीं. मी ते मनाला समजावण्यासाठीं म्हणत नव्हतों. धडधड ऐकूं येऊं नये म्हणून म्हणत होतों.

हें असेंच चाललें असतें. पण मध्यें माझी नात आली. ती तेव्हां तिसरींत होती. शाळेची सहल निघाली आणि बस घाटांतून जाणार हें कळतांच मीं घरांत असा कांहीं वाद मांडला कीं अखेर कंटाळून मुलानें तिचें नांव काढून घेतलें. मला वाटलें, एक संकट टळलें. त्यानंतर आठच दिवसांनीं सकाळीं ती शाळेच्या व्हॅनमध्यें चढेना. दारांत उभी राहून म्हणाली, “आजोबा, व्हॅन उलटली तर?” आवाज तिचा होता, वाक्य माझें होतें. कोणत्याही घरांत म्हातारा माणूस मुलांना कांहींतरी देऊन जातो. मी हें देऊन जाणार होतों.

त्या रात्रीं मीं पत्नीस सर्व सांगितलें. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. गुडघा दुखणारा माणूस रात्रीं तीनदां उठून येरझारा घालीत नाहीं.” दुसऱ्या दिवशीं तीच मला आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनीं हंसण्यावारी नेलें नाहीं. प्रथम रक्त तपासून गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम पाहिलें, कारण ती ग्रंथि वाजवीपेक्षां अधिक चालूं लागली तरी अशीच धडधड होते. दिवसांतून सहा कप चहा होतो हें ऐकून ते दोनांवर आणले. शेजाऱ्यांच्या गोळ्यांविषयीं मात्र ते चांगलेच रागावले. त्या जातीच्या गोळ्यांची शरीरास संवय लागते, आणि उतारवयांत तोल जाऊन पडण्याची भीति असते, हें मला कोणीं सांगितलें नव्हतें. मीं विचारलेंही नव्हतें. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. छातींत दुखलें वा धडधडलें तर ‘मास्तरांना झालें तसेंच हें’ असें समजून कोणी घरीं बसूं नये. हृदय ठीक आहे असा निर्वाळा प्रथम डॉक्टरांकडूनच घ्यावा.

त्यांनीं मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविलें, आणि त्या तज्ज्ञांनीं एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे. हे दोघे निराळे, हें मला तोंवर माहीत नव्हतें. पहिले वैद्यकशास्त्राचे पदवीधर. औषध देण्याचा अधिकार त्यांचा. दुसऱ्या बोलून उपचार करणाऱ्या. औषधाची गोळी मला मिळाली. तिचा गुण येण्यास तीनचार आठवडे लागतील, तोंवर सोडूं नका, अशी ताकीदही मिळाली. सुमारें वर्षभरानें त्यांच्याच देखरेखीखालीं ती हळूहळू कमी करून थांबविली. पण माझ्या गोष्टींतील मोठा भाग बाईंचा आहे. त्या ठाण्यास बसत. पहिल्या तीन खेपा मोटार भाड्यानें करून गेलों!

खोली साधी होती. दोन खुर्च्या, एक मेज, भिंतीवर घड्याळ. सिनेमांतल्याप्रमाणें आडवें पडून लहानपणच्या आठवणी सांगाव्या लागतील अशी माझी कल्पना होती. बाईंनीं विचारलें तें निराळेंच: “सर, गाडी थांबल्याबरोबर तुमच्या मनांत पहिलं वाक्य कोणतं आलं?” मग त्यांनीं शरीराचा व्यवहार समजावून सांगितला. धोका दिसला कीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. पळण्यास वा झुंजण्यास स्नायूंना रक्त पुरावें म्हणून हृदय वेगानें चालतें. श्वास जलद होतो. मनुष्य जागचा हालत नसतांना श्वास मात्र जलद घेतो, तेव्हां रक्तांतील कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि त्यामुळें बोटांना मुंग्या येतात, गरगरतें. म्हणजे माझें शरीर बिघडलेलें नव्हतें. घरचा कुत्रा चोरावर भुंकतो तें ठीकच. माझा कुत्रा दूधवाल्यावरही भुंकूं लागला होता, इतकेंच. आणि मी गाडी टाळून दर वेळीं त्याला शाबासकी देत होतों! टाळल्यानें तात्पुरतें हायसें वाटतें, आणि त्या हायसें वाटण्यावरच भीति पोसली जाते, हें माझ्या डोक्यांत प्रथमच शिरलें.

बाईंनीं एक वही करावयास सांगितली. काय घडलें, मनांत काय आलें, त्यास पुरावा काय, त्याविरुद्ध पुरावा काय, असे रकाने. “गाडी थांबली कीं मी मरणार” हा विचार मीं लिहिला. बाई म्हणाल्या, “इतकीं वर्षं पेपर तपासलेत, सर. ह्या उत्तराला शंभरांपैकीं किती गुण द्याल?” मीं शंभर दिले. मग पुरावे लिहावयास बसलों. आयुष्यांत किती वेळां गाडी थांबली, किती वेळां मेलों? दुसऱ्या तपासणींत त्याच उत्तरास तीस गुण पडले. शून्य पाडा असा त्यांनीं आग्रह धरला नाहीं.

या पद्धतीचा पाया अमेरिकेंतील ॲरन बेक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत घातला. त्यांच्या थोडें आधीं अल्बर्ट एलिस यांनीं विवेकनिष्ठ उपचारपद्धति काढली होती. मनुष्यास घटनेपेक्षां तिच्याविषयींचें त्याचें मत अधिक छळतें, हा विचार एलिस यांनीं एपिक्टेटस नांवाच्या प्राचीन तत्त्ववेत्त्याकडून घेतला. हे एलिस १९ वर्षांचे असतांना मुलींशीं बोलावयास घाबरत. यावर त्यांनीं काय करावें? न्यूयॉर्कमधील वनस्पतिउद्यानांत रोज जाऊन बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली कीं तिच्याशेजारीं बसून बोलावयाचें, असा महिनाभराचा नेम केला. सुमारें शंभर स्त्रियांशीं ते बोलले. एकीनें पुन्हां भेटण्याचें कबूल केलें, आणि ती आली नाहीं! पण भीति गेली, असें ते पुढें स्वतःच सांगत. आपल्याकडील उद्यानांत हा प्रयोग कोणी करूं नये. तत्त्व तेवढें घ्यावें.

माझें उद्यान म्हणजे डोंबिवलीचा फलाट. पहिला धडा, फलाटावर बसून तीन गाड्या जाऊं द्यावयाच्या. दुसरा, कोपरपर्यंत जाऊन परत. मग दिवा, मग मुंब्रा. पाण्याची बाटली घरीं ठेवावयाची आणि नाडी मोजावयाची नाहीं. धडधड सुरू झाली तर तिला घालविण्याची धडपड न करतां, श्वास सावकाश सोडीत, ती चढते कशी व उतरते कशी हें पाहावयाचें. उतरते, श्रोतेहो; दहावीस मिनिटांत उतरते, पण तेवढा वेळ जागेवर बसावें लागतें. पांचव्या आठवड्यांत मी दिव्यास उडी मारल्यासारखा उतरलों आणि रिक्षा करून घरीं आलों. बाईंस सांगतांना लाज वाटली. म्हणालों, “मी भित्रा आहें.” त्यांनीं विचारलें, “हा शब्द तुम्ही आणखी कोणाला वापरला आहे का?”

वापरला होता. चौथीच्या शिष्यवृत्ति परीक्षेच्या आधीं एक मुलगा रोज सकाळीं ओकत असे. त्याला मीं सर्व वर्गासमोर ‘भागूबाई’ म्हटलें होतें. हुशार पोर, परीक्षेस बसलाच नाहीं. मला त्याचा चेहरा आठवला आणि बाईंसमोर मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. तो आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं.

बारा खेपा झाल्या. शेवटच्या चार मीं गाडीनें केल्या. धास्ती समूळ गेली असें नाहीं. ती येते, पण आतां घर तिच्या हुकुमानें चालत नाहीं. नात पुढच्या वर्षीं सहलीस गेली.

व्यवहाराच्या दोनचार गोष्टी. ज्यांना शुल्क झेपत नाहीं त्यांनीं जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयांत चौकशी करावी. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरविला तर मराठींतही बोलतां येतें. मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शारीरिक आजाराप्रमाणेंच मानसिक आजारासही विम्याची सोय असावी असें त्यांत म्हटलें आहे. आणि मानसोपचार करणाऱ्याचें शिक्षण व नोंदणी विचारण्यास मुळींच संकोच करूं नये.

बाराव्या खेपेच्या दिवशीं जिन्यांत ते गोळ्या देणारे शेजारी भेटले. “कुठं निघालात, गुरुजी?” “ठाण्यास.” “काय काम?” या वेळीं मीं गुडघा पुढें केला नाहीं; खरें तें सांगितलें. ते मोठ्यानें हंसले, आणि जिना चढून गेले. रात्रीं साडेनऊच्या सुमारास दार वाजलें. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते, आंत येईनात. त्यांच्या एका मित्रासाठीं त्यांना त्या बाईंचा पत्ता हवा होता. मीं कागदावर लिहून दिला. मित्राचें नांव विचारलें नाहीं.