सारे घर मैदानात



व्यायामाचा विषय निघाला, की गावाकडे एक उत्तर हमखास ऐकू येते. "आम्हांला कसला आलाय व्यायाम? रानात राबतो, तोच आमचा व्यायाम!" या उत्तरात पुष्कळ तथ्य आहे. म्हणून त्याला हसण्यापूर्वी ते जरा तपासून पाहू.

एके काळी मोट हाकणाऱ्याला आणि पहाटे जात्यावर पायली पायली दळणाऱ्या बाईला व्यायाम शिकवायला जाणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे होते. पुढे मोट गेली, पंप आला. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली. नांगरामागे मैल मैल चालणारा आता ट्रॅक्टरवर बसतो आणि शिवारात जायलाही फटफटी काढतो. हे वाईट झाले असे मुळीच नाही. जिवाचे हाल वाचले. पण वाचलेल्या त्या कष्टांच्या जागी दुसरी हालचाल आली नाही. आला तो पाराचा कट्टा आणि हातातला मोबाइल. मधुमेह आणि रक्तदाब यांना आपण शहरातली दुखणी म्हणत होतो. ती आता एस.टी.ची वाट न पाहता गावात येऊन राहिली आहेत.

आणि ज्यांचे कष्ट अजून सुटलेले नाहीत, त्यांचे काय? खुरपणी असो की भातलावणी, बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. तोच वाक, तेच सांधे, तोच ठणका. कामाने अंग झिजते आणि खेळाने ते मोकळे होते. काम आणि खेळ यांत हा फरक आहे, आणि तो आपण विसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे आहे : मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे, थोडा दम लागेल अशी हालचाल करावी, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास. शेतात चालणाऱ्या-राबणाऱ्याचा हिशेब कामातच भरतो, हे खरे. पण घरातल्या प्रत्येकाचा भरतो का? तुमच्या आठवीतल्या मुलीचा भरतो का?

याचे उत्तर शोधायला आपण जरा मुंबईला जाऊ. तुम्ही म्हणाल, गावच्या प्रश्नाला मुंबई कशाला? त्याचे कारण असे, की परळ-लालबागचे गिरणगाव गावच्याच माणसांनी वसवले. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून माणसे गिरण्यांत कामाला आली. एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि पाळी बदलली की अंथरूणही बदलायचे. पाय पसरायला जागा नाही, आणि दिवस सारा भोंग्याच्या हुकुमाखाली. तरीही या माणसांनी वळकटीबरोबर आपली तालीम आणि आपला हुतूतू गावाहून आणला. वस्तीवस्तीत आखाडे आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या. दोन चाळींमधल्या पट्ट्यात कबड्डीचे डाव रंगू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली, त्या जागी उंच इमारती आल्या. पण कबड्डीची मंडळे त्या भागात आजही आहेत. त्याच कबड्डीला १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत मान मिळाला.

तिथून दादरला या. शिवाजी पार्कच्या मैदानावर श्री समर्थ व्यायाम मंदिर ही १९२५ साली निघालेली संस्था आहे. तिथे लहान पोरे खांबाच्या मल्लखांबावर चढतात आणि मुली दोराच्या मल्लखांबावर आसने करतात. तिथल्या उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलामुलींनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली, आणि परदेशची मुले आपला खेळ आपल्याला करून दाखवू लागली!

आणि गिरगावच्या चाळींत काय होते? श्रावणात मंगळागौर. नऊवारी नेसलेल्या साठीच्या आजीबाई नातसुनेबरोबर फुगडी घालतात, झिम्मा खेळतात, पिंगा घालतात. रात्र सरते तरी कोणी थकत नाही. "या वयात हे काय?" असे त्यांना कोणी विचारत नाही, कारण सगळ्याच खेळत असतात. नागपंचमीला तुमच्या गावातही हेच होते ना? मग वर्षातून एकच दिवस का?

मुंबईकरांजवळ जादा जागा नव्हती, महागडे साहित्य नव्हते. ठरलेली वेळ होती आणि सोबत होती. एकट्याने केलेला व्यायाम चार दिवस टिकतो; संध्याकाळी शेजारी हाक मारायला आला, की पाय आपोआप उचलतात.

शिक्षकहो, गावात हे जमवणारी माणसे तुम्ही आहात. कबड्डीला पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागते, स्त्रियांसाठी १२ आणि ८ मीटर. खो-खोला २७ आणि १६ मीटर जागा आणि दोन खांब पुरतात. एवढे तर शाळेचे आवार असते. ते शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस तासभर गावासाठी खुले ठेवा. मुलांनी आईबापांना घेऊन यायचे. मुलांना लंगडी आणि लगोरी, तरुणांना आट्यापाट्या, बायांना झिम्मा-फुगडी; वडीलधाऱ्यांनी मैदानाभोवती फेऱ्या मारायच्या. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, जी बाई गरोदर आहे, त्यांनी आधी आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. मल्लखांब मात्र जाणकार शिक्षक आणि खाली जाड गादी असल्याशिवाय सुरू करू नये.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. मुलगी वयात आली, की तिचे खेळणे थांबते. खेळाची वेळ आणि पाण्याची, चुलीची वेळ एकच असते. तेव्हा मंडळी, आई-मुलीला मैदानात बोलावण्याआधी घरातल्या बाप्यांनी तेवढा तास आपल्या अंगावर घ्यायला हवा. हंडा भरा, भाकरीचे पीठ मळा, धाकट्याला सांभाळा. ते जमले नाही, तर सारी योजना फळ्यावरच राहील. धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रत्येकीला पदक मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण प्रत्येकीला धावायला मिळाले पाहिजे.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर चुन्याने दोन रेघा ओढा. पहिल्या दिवशी दहाच माणसे आली तर हिरमुसू नका. त्या दहांत दोन आया असल्या, तर पुढच्या शनिवारी त्या आणखी चौघींना हाक मारतील.