कापसाचा सौदा आणि संशोधनाची पद्धत

वऱ्हाडातील मोताळा तालुक्यातला शेतकरी आपला कापूस बाजार समितीत न नेता गावात येऊन खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला का देतो, हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेतला, तर त्याने लगोलग प्रश्नावली छापू नये. ज्या वऱ्हाडात १८८६ साली कारंज्याचा नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ साली त्यासाठी कायदा झाला, तेथे हा प्रश्न जुनाच आहे. म्हणून पूर्वसूरींचे लेखन आणि बाजाराचे दफ्तर आधी वाचावे.

खरी कसोटी नमुना निवडण्यात आहे. मलकापूरच्या बाजार आवारात उभे राहून गाडीवाल्यांना विचारणे सोयीचे खरे. परंतु ज्याने माल घरूनच विकला तो तेथे भेटणारच नाही, आणि हकीकत तर नेमकी त्याचीच हवी असते. यास्तव तालुक्यातील गावांची यादी करून, चिठ्ठ्या टाकून काही गावे निवडावी, लहान-मोठे खातेदार वेगळे काढावे आणि घरोघर जावे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची अशीच चिकाटीने केलेली पाहणी १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती चिकाटी मला संगणकावरील सुबक सारणीहून अधिक मोलाची वाटते.

घरी गेल्यावर प्रश्नही जपून विचारावे. ‘व्यापारी फसवतो का?’ असे विचारले, की उत्तर आपणच सुचवले असे होते. त्याऐवजी मागचा कापूस कोणाला, केव्हा, कोणत्या भावाने दिला आणि पैसे कधी हाती आले, हे विचारून काटापावतीशी रुजवात घालावी. हंगामापूर्वीची उचल, गाडीभाडे, ओलाव्यापोटीची कपात ही कारणे अशा तपशिलातूनच बाहेर येतात.