जुन्या कंपनीच्या पेन्शन ऑफिसला फोन करताना

आज मी फक्त एका फोनबद्दल बोलणार आहे.

तुम्ही अमेरिकेत एखाद्या कारखान्यात, हॉटेलात, गोदामात, नाहीतर हॉस्पिटलच्या किचनमध्ये पाच, आठ, बारा वर्षं काम केलंत. मग ती नोकरी सुटली. कुणी दुसऱ्या राज्यात गेलं, कुणी कायमचं गावी परतलं. पगारातून काहीतरी कापलं जात होतं, युनियनचा माणूस एकदा पेन्शनबद्दल काहीतरी बोलला होता, एवढंच आठवतं. त्या पैशाचं पुढे काय झालं हे विचारायचा हा फोन आहे. बरेच जण तो करतच नाहीत. जे करतात ते अर्धा तास संगीत ऐकतात, पलीकडची बाई "नो रेकॉर्ड" म्हणते, आणि फोन ठेवून देतात. ठेवून दिला की विषय संपला असं वाटतं. तो तिथं संपत नाही, हेच सांगायला मी उभा आहे.

आपल्या डोक्यात गावाकडचं पीएफ ऑफिस असतं. कंपनी कुठलीही असो, पीएफचं खातं सरकारच्या एकाच संस्थेकडे, एकच यूएएन नंबर. अमेरिकेत तसं नाही. सोशल सिक्युरिटी सरकारची आहे, पण कंपनीची पेन्शन ही त्या त्या कंपनीची किंवा युनियनची स्वतंत्र योजना असते. तिचा पैसा वेगळ्या ट्रस्टमध्ये, हिशेब ठेवणारं ऑफिस तिसऱ्याच शहरात. त्यामुळे तुम्ही जिथं घाम गाळला त्या प्लांटला फोन लावून उपयोग होत नाही. तिथला नवा सुपरवायझर तुम्हाला ओळखत नाही आणि पेन्शनशी त्याचा संबंधही नाही. तुम्हाला हवा असतो "प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर". हा शब्द पाठ करा. युनियनमध्ये होतात तर बहुतेक वेळा कंपनीला नव्हे, युनियनच्या फंड ऑफिसला विचारावं लागतं.

आणि आधी हेही बघा की योजना होती का. अमेरिकेतला कायदा कुठल्याही खाजगी मालकाला पेन्शन द्यायला भाग पाडत नाही. मोटेल, पेट्रोल पंप, छोटं रेस्टॉरंट, तिथं बहुतेकदा काहीच नसतं. हातात रोख पगार घेतला असेल तर नसणारच. ओळखायचं कसं? जुने डब्ल्यू-टू काढा. दर जानेवारीत येणारा तो टॅक्सचा कागद. त्यात १३ नंबरच्या चौकटीत "रिटायरमेंट प्लॅन" असा छोटा खण असतो. त्यावर खूण असेल तर त्या वर्षी तुम्ही योजनेत होतात. १२ नंबरच्या चौकटीत डी हे अक्षर आणि पुढे रक्कम असेल, तर ते तुमच्या पगारातून ४०१-के खात्यात गेलेले पैसे. त्याच कागदावर कंपनीचा नऊ आकडी नंबर असतो, ईआयएन. कंपनीनं नाव बदललं, ती विकली गेली, तरी या नंबरावरून माग काढता येतो. म्हणून सांगतो, गावी जाताना भांडी नेली नाहीत तरी चालेल, डब्ल्यू-टूची पिशवी न्या.

पैसा तुमचा पक्का झाला का, याला तिकडे "व्हेस्टेड" म्हणतात. ४०१-के मध्ये तुमच्या पगारातून गेलेला पैसा पहिल्या दिवसापासून तुमचाच. कंपनीनं वरून घातलेला पैसा एकतर तीन वर्षांनी पूर्ण पक्का होतो, नाहीतर दुसऱ्या वर्षापासून थोडा थोडा करत सहाव्या वर्षी पूर्ण. दरमहा मिळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पेन्शनला साधारण पाच वर्षं लागतात. काही योजनांत तिसऱ्या वर्षी सुरू होऊन सातव्या वर्षी पूर्ण होतं. ही कायद्यानं घातलेली कमाल मुदत आहे, एखादी योजना याहून लवकरही देते. वर्ष मोजताना बहुतेक योजना वर्षाला १,००० तास बघतात, म्हणजे अर्धवेळ काम केलेल्यांचंही वर्ष धरलं जाऊ शकतं. आणि एकदा पक्का झाला की व्हिसा संपला, देश सोडला, कंपनीनं कामावरून काढलं, तरी तो हक्क जात नाही. हे मी मुद्दाम हळू बोलतोय, कारण "आपण तिथले नाही, आपल्याला कोण देणार" हे वाक्य मी फार ऐकलं आहे.

आता ते "नो रेकॉर्ड". आपल्या लोकांच्या बाबतीत यातलं निम्मं भांडण नावाचं आणि जन्मतारखेचं असतं. आपल्यातल्या किती जणांचा वाढदिवस १ जून आहे? हसू नका. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिला तो. ठीक आहे, पासपोर्टवर तोच आहे. पण अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग तारीख. तुम्ही फॉर्मवर आपल्या सवयीनं १/६ लिहिलंत की त्यांच्या पुस्तकात तुम्ही ६ जानेवारीला जन्मलात. वीस वर्षांनी फोनवर "जून फर्स्ट" म्हणालात की कॉम्प्युटर म्हणतो, हा माणूस तो नव्हे. तसंच नावाचं. वडिलांचं नाव मधे, ते कधी आडनावाच्या जागी गेलेलं. एका पगाराच्या स्लिपवर स्पेलिंगमध्ये एक ए, दुसरीवर दोन. बाईंचं लग्नाआधीचं नाव. म्हणून फोन करण्याआधी एका कागदावर सगळं लिहून ठेवा: नाव ज्या ज्या स्पेलिंगनं पडलं असेल ती सगळी, दोन्ही तारखा, सोशल सिक्युरिटी नंबर, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काम, कुठला प्लांट, कुठलं युनियन लोकल, तेव्हाचा अमेरिकेतला पत्ता. पलीकडून नाही आलं तर शांतपणे म्हणा, "प्लीज चेक विथ सोशल सिक्युरिटी नंबर. माय नेम मे बी स्पेल्ड डिफरंटली."

फोनवर मशीन बोलेल, एक दाबा, दोन दाबा. "रिप्रेझेंटेटिव्ह" एवढंच म्हणत राहा, बऱ्याच ठिकाणी माणूस येतो. तुमचं इंग्रजी अडखळत असेल तर भाच्याला किंवा मुलीला शेजारी बसवा, पण फोनवर आधी तुम्ही बोला. नाव, जन्मतारीख तुम्ही सांगायची आणि म्हणायचं, "आय गिव्ह परमिशन, प्लीज टॉक टू माय डॉटर." एकट्या मुलीनं फोन केला तर ते काही सांगणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. इंटरप्रिटर मिळेल का, हेही विचारून बघा. सोशल सिक्युरिटीचं सरकारी ऑफिस फुकट देतं, खाजगी योजनांचं काही सांगता येत नाही.

विचारायचं काय? सगळ्यात आधी, "अ‍ॅम आय अ व्हेस्टेड पार्टिसिपंट?" मग, पूर्ण पेन्शन कुठल्या वयाला, दरमहा किती. लवकर घेतली तर किती कमी होते. अर्जाचा फॉर्म कुठला. पैसे भारतातल्या बँकेत पाठवता का, की अमेरिकेतलं खातं लागेल. माझा आत्ताचा पत्ता तुमच्याकडे आहे का? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यांची पत्रं दहा वर्षं तुमच्या जुन्या अपार्टमेंटला जात असतील. ४०१-के मध्ये थोडीच रक्कम असेल, ७,००० डॉलरपर्यंत, तर योजना तुम्हाला न विचारता ती बाहेर काढून तुमच्या नावच्या दुसऱ्या खात्यात टाकू शकते. २०२४ च्या आधी ही मर्यादा ५,००० होती. तेव्हा "पैसे इथं नाहीत" असं उत्तर आलं तर लगेच विचारा, मग कुठे गेले, कुठल्या बँकेत, कुठल्या तारखेला.

बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, रेफरन्स नंबर लिहून घ्या. आणि त्याच दिवशी पत्र टाका.

का, ते सांगतो. डिसेंबर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावात स्टुडबेकर या मोटार कंपनीनं कारखाना बंद करायचं जाहीर केलं. पेन्शनच्या फंडात पुरेसा पैसा नव्हता. चाळीस ते साठ वयाच्या चार हजारांवर कामगारांना हक्काच्या रकमेच्या साधारण १५ टक्के मिळाले, त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही. गिरणगावातल्या घरांना यातलं दुःख वेगळं समजावायला नको. त्यातून ओरड झाली, आणि अकरा वर्षांनी, २ सप्टेंबर १९७४ ला, 'इरिसा' नावाचा कायदा आला. खाजगी पेन्शनचं आज जे काही संरक्षण आहे ते मुख्यतः त्यातलं. या कायद्यानं तुम्हाला योजनेचं नियमपुस्तक मागता येतं, त्याला "समरी प्लॅन डिस्क्रिप्शन" म्हणतात. बारा महिन्यांतून एकदा तुमच्या हक्काचा हिशेबही मागता येतो, "बेनिफिट स्टेटमेंट". लेखी मागितल्यावर ३० दिवसांत नियमपुस्तक दिलं नाही, तर कोर्ट प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. मेख "लेखी" या शब्दात आहे. फोनवर तुम्ही शंभरदा मागितलंत तरी ते तीस दिवस मोजायला सुरुवात होत नाही. पत्र चार ओळींचं पुरतं: माझं नाव, नंबर, अमुक ते अमुक काम केलं, मला ही दोन कागदपत्रं पाठवा, हा माझा पत्ता. पोच मिळेल अशा टपालानं पाठवा आणि प्रत ठेवा.

पेन्शनचा अर्ज केलात तर साधारण ९० दिवसांत उत्तर यायला हवं. खास कारण असेल तर ते आणखी ९० दिवस घेऊ शकतात, पण तसं लेखी कळवून. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि तुम्हाला अपील करायला किमान ६० दिवस मिळतात. फोनवरचं "नाही" हे नाकारणं धरू नका. त्याला विचारा, "प्लीज सेंड मी द डिनायल इन रायटिंग." पुष्कळदा हे वाक्य ऐकल्यावर फाईल सापडते.

फोन उचलतच नसतील किंवा कंपनीच उरली नसेल, तर सरकारच्या कामगार खात्याची शाखा आहे, एब्सा. नंबर १-८६६-४४४-३२७२. तिथले सल्लागार पैसे घेत नाहीत, आणि तुमच्या वतीनं योजनेशी बोलतातही. कंपनी बुडाली असेल तर दरमहाच्या पेन्शनसाठी पीबीजीसी नावाची सरकारी संस्था आहे, १-८००-४००-७२४२. सिअर्स बुडाली तेव्हा तिच्या सुमारे ९०,००० कामगारांची पेन्शन याच संस्थेनं घेतली. मात्र ४०१-के खात्यांचा विमा ती करत नाही. एवढं सगळं फुकट असताना "तुमचं अडकलेलं पेन्शन काढून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. तुम्ही शोधून लावलेल्या नंबरावर सोशल सिक्युरिटीचे आकडे सांगणं वेगळं. तुम्हाला आलेल्या फोनवर कधीच सांगू नका.

गावाहून फोन करणाऱ्यांना एक अडचण येते. ८०० किंवा ८६६ चे नंबर भारतातून बहुतेकदा लागत नाहीत. इंटरनेटवरून फोन करायच्या अ‍ॅपमधून प्रयत्न करा, नाहीतर पत्रात त्यांचा साधा नंबर मागा. वेळ बघा: न्यूयॉर्कला सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. कॅलिफोर्नियाला आणखी तीन तास पुढे. सोमवारी लावू नका, त्या दिवशी फार वेळ थांबवतात. परदेशात राहणाऱ्या, अमेरिकेचा नागरिक नसलेल्या माणसाच्या पेन्शनमधून ३० टक्के टॅक्स आधीच कापला जातो. पण भारत-अमेरिका करारानुसार, तुम्ही भारतात राहात असाल तर खाजगी पेन्शनवर टॅक्स भारतातच लागतो. तो फायदा हवा असेल तर डब्ल्यू-एट-बेन हा फॉर्म द्यावा लागतो. या फॉर्मबद्दल फोनवरच विचारा, आणि इथल्या सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.

राहिल्या त्या बायका, ज्यांचा नवरा तिकडे राबला आणि आता नाही. वहिनी, मावशी, हा फोन तुम्हीही करायचा आहे. लग्न झालेल्या कामगाराची दरमहाची पेन्शन असेल तर कायद्यानं ती नवरा-बायको दोघांच्या नावानं धरली जाते, आणि त्याच्या मागे बायकोला किमान निम्मी मिळते. तो पेन्शन सुरू होण्याआधीच गेला असेल तरीही, हक्क पक्का झालेला असेल तर बायकोचा वाटा असतो. हा हक्क फक्त बायकोनं स्वतः लेखी सोडला असेल, तोही नोटरी किंवा योजनेच्या माणसासमोर, तरच जातो. ४०१-के मध्येही, बायकोनं लेखी संमती दिली नसेल तर पैसा बहुतेक योजनांत बायकोचा. म्हणजे दिराचं नाव फॉर्मवर आहे असं कुणी सांगितलं, तर तुमच्या सहीचा कागद दाखवायला सांगा. फोनवर म्हणा, "आय अ‍ॅम द सर्व्हायव्हिंग स्पाउज." मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीकडून मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यायला हवी होती असं म्हणत बसू नका, दुसरा कुठला पुरावा चालेल ते त्यांनाच पत्रानं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता ज्यांच्याकडे डब्ल्यू-टू आहेत त्यांनी पुढे या, १३ नंबरची चौकट आपण एकत्र बघू.