उमादेवी निकालाचे न उघडलेले पान

आम्ही वकील नव्हे. कायदा शिकलो तो बडतर्फीच्या नोटिसा वाचता वाचता. रोजंदारीच्या झाडूवाल्याला कायम करा म्हटले, की साहेब एकच नाव घेणार : उमादेवी! २००६ च्या त्या निकालाने मागल्या दाराच्या नेमणुका कायम करण्यास मनाई केली, हे खरे. पण मंजूर जागेवर, कोर्टाच्या हुकुमाच्या आधाराविना, दहा वर्षे राबलेल्या पात्र माणसांचा एकवार विचार करा, असेही त्यातच होते. ते पान कोणी उघडीना.

डिसेंबर २०२४ मध्ये न्या. विक्रम नाथ व न्या. प्रसन्न वराळे यांनी ते उघडले. केंद्रीय जल आयोगाच्या कचेरीत झाडलोट नि बागकाम करणारी ही माणसे. वीसएक वर्षे राबली, न्यायाधिकरणात हरली, आणि त्याच वर्षी, २०१८ साली, नोटिशीवाचून घरी बसवली गेली. काम संपले होते म्हणाल, तर तेही नाही; ते बाहेरून करून घेऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेऊन कायम करण्याचा हुकूम दिला. नोकरी अखंड धरली, निवृत्तीच्या लाभांसाठीही धरली. मधल्या सहा वर्षांचा पगार मात्र नाही. त्या सहा वर्षांत वाण्याला काय सांगितले असेल, ते निकालपत्रात कोठून येणार?